पांढरा कापडात नको, कापडावर हवा : आमची वाटचाल

आमचं काम स्क्रीन प्रिंटिंगचं, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या, अक्षरांपुरत्या उघड्या जाळीतून कापडावर रंग उतरवायचं. त्यात सगळ्यांत जास्त मागणी गडद टी-शर्टावरच्या पांढऱ्या छपाईची. कुडाळ-सावंतवाडीकडची गणेशोत्सव मंडळं, दहीहंडीची पथकं, तारकर्लीचे स्कूबावाले, कबड्डीचे संघ, सगळ्यांचं कापड काळं, गडद निळं नाहीतर मरून, आणि अक्षरं पांढरी. त्यामुळे कारखान्यात जे जे बदललं, ते बहुतेक या एका रंगापायीच.

सुरुवात खादी व्हाइटने झाली. पाण्यातली पेस्ट, स्वस्त, आणि झाकते बऱ्यापैकी. पण एप्रिल-मेमध्ये ती जाळीतच सुकते. दहा-बारा शर्टांनंतर अक्षरांच्या कडा तुटू लागतात, मग ओल्या फडक्याने जाळी पुसत बसायचं. रंग कापडाला धरून ठेवणारा बाइंडर कमी पडला किंवा 150 अंशांच्या आसपास दोन-तीन मिनिटं उष्णता नीट मिळाली नाही, तर दोन-चार धुण्यांत भेगा पडतात. कापडी पिशव्यांना आम्ही अजूनही खादीच वापरतो. शर्टांसाठी मात्र प्लास्टिसॉलकडे, म्हणजे पाणी नसलेल्या, उष्णता दिल्यावरच पक्का होणाऱ्या प्लास्टिकच्या रंगाकडे वळलो.

प्लास्टिसॉल जाळीत सुकत नाही, पण म्हणून पांढरा आपोआप पांढरा दिसत नाही. पहिला हात मारला की काळ्यावर राखाडी दिसतो. अशा वेळी स्क्वीजी (जाळीवरून रंग ओढायची रबरी पट्टी) आणखी दाबावी असं वाटतं, आणि काम तिथेच बिघडतं. जोर वाढवला की रंग धाग्यांच्या मधे घुसतो, कापडाची काळी लव वर डोकावते, आणि रंग जास्त लागूनही पांढरेपणा कमी दिसतो. हे तपासायला शर्ट उलटा करून बघावा. आतल्या बाजूला अक्षरं पांढरी उमटली असतील तर तेवढा रंग वाया गेला. आतली बाजू जवळजवळ कोरी आणि वरची लख्ख, हा बरोबर हात.

जोर कमी करायचा तर जाळी ताठ हवी. ढिली जाळी कापडाला चिकटून राहते, रंग सोडत नाही, आणि तो सोडवायला पुन्हा जोर लागतो. लाकडी फ्रेम आमच्या दमट हवेत वाकतात, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या घेतल्या. ताण सेंटिमीटरला 25 न्यूटनच्या वर ठेवतो आणि मीटर लावून मोजतो. 18-20 वर उतरलेली फ्रेम पांढऱ्यासाठी वापरत नाही, तिच्यावर काळा-निळा रंग छापतो. जाळी ठळक अक्षरांना 43 नंबरची, म्हणजे इंचाला साधारण 110 धागे. बारीक काम असेल तर 61 नंबरची, इंचाला साधारण 155 धागे. त्याच नंबरात बारीक धाग्याची जाळी मिळाली तर तीच घ्यावी. मोकळी जागा जास्त असल्याने हलक्या हातातही रंग पुरेसा उतरतो. जाळी आणि शर्ट यांत 3 मिमी अंतर ठेवतो. स्क्वीजीचं रबर 70 शोर कडकपणाचं, धार सरळ. धार गोल झाली की रंग कापला न जाता दाबला जातो. धारेकडे बहुतेक ठिकाणी कुणी बघतच नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहोत.

डबा उघडल्यावर पांढरा चक्क्यासारखा घट्ट असतो. तो आधी फेटावा लागतो. टायटॅनियम डायऑक्साइडने भरलेला हा रंग हलवला की सैल होतो, ठेवला की पुन्हा आळतो. पाच मिनिटं नीट ढवळला की श्रीखंडासारखा पट्टीवरून सावकाश घसरतो, तेव्हा जाळीवर घ्यायचा. ढवळायचा कंटाळा करून त्यात रिड्युसर ओतणं ही सर्रास होणारी चूक. रिड्युसर वाढला की रंग पातळ होऊन झाकण्याची ताकद जाते. गरज पडलीच तर शेकडा 3 च्या आत.

आता छपाईचा क्रम. शर्ट ज्यावर चढवतो त्या पाटावर, म्हणजे पॅलेटवर गोंद पुरेसा हवा, नाहीतर दुसऱ्या हाताला शर्ट जाळीबरोबर उचलला जातो आणि कडा दुहेरी दिसतात. आधी जाळी रंगाने भरून घ्यायची, मग स्क्वीजी बऱ्यापैकी उभी धरून एकच सलग हात. फार सावकाश ओढला तरी रंग आत जातो. फ्रेम उचलल्यावर जाळीतल्या अक्षरांतून पलीकडचं दिसलं पाहिजे. जाळीत पांढरा उरला असेल तर वेग किंवा कोन बदलावा, जोर शेवटी. मग फ्लॅश, म्हणजे वरच्या हीटरने थोडा वेळ दिलेली उष्णता. पृष्ठभाग 110 ते 120 अंशांवर गेला की रंग आळतो. बोट लावलं तर किंचित चिकट लागतो, पण बोटावर येत नाही. तिथेच थांबायचं. जास्त भाजला तर दुसरा थर वर धरत नाही आणि धुतल्यावर पापुद्रा निघतो. सकाळी पॅलेट थंड असताना 8-10 सेकंद लागतात, तासाभराने तेच पॅलेट तापून 4-5 सेकंदांत काम होतं. वेळ कमी केली नाही तर गरम पॅलेटमुळे जाळीतला रंगही आळू लागतो. नंतर दुसरा हात, पहिल्याहून हलका. पहिल्या थराने लव बसवलेली असते, दुसरा तिच्यावर गुळगुळीत पसरतो. लव जास्त असेल तर मधे सिलिकॉन कागद ठेवून हीट प्रेस टेकवतो. बायोवॉश केलेल्या, म्हणजे एन्झाइमने लव काढलेल्या कापडाला हे फारसं लागत नाही.

शेवटचं भाजणं 160 अंशांवर. हे तापमान रंगाच्या पूर्ण थराला मिळायला हवं, नुसत्या वरच्या पृष्ठभागाला मिळून भागत नाही. पांढरा उजेड परतवतो, त्यामुळे त्याच भट्टीत काळ्या रंगापेक्षा तो उशिरा तापतो. गार झाल्यावर अक्षर ताणून पाहायचं. तडा गेला तर कच्चा.

पावसाळा हा आमच्याकडचा स्वतंत्र विषय, कारण दहीहंडी आणि गणपतीची कामं नेमकी तेव्हाच येतात. बाहेरची हवा 85-90 टक्के दमट असते, आणि इमल्शन, म्हणजे जाळीवर अक्षरांचा साचा करायचा, उजेडाने कडक होणारा लेप, वरून सुकलेलं दिसलं तरी आत ओलं राहतं. तसंच उजेड देऊन एक्सपोज केलं की धुताना अक्षरांच्या कडा सुटतात, छपाईत सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. डीह्युमिडिफायर लावलेली बंद खोली केली, दमटपणा 50 च्या खाली ठेवला, तेव्हा हा त्रास संपला. जुनं बायक्रोमेटचं इमल्शन दमट उष्ण हवेत अंधारातही आपोआप कडक होतं, म्हणून ते सोडून फोटोपॉलिमर घेतलं. दोन्ही बाजूंनी दोन-दोन थर देतो. फार पातळ थरावर पांढऱ्याची कड फाटकी येते. शर्टसुद्धा हवेतलं पाणी ओढतात, आणि भट्टीची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते. छापण्यापूर्वी शर्ट पाच-सहा सेकंद फ्लॅशखाली धरला की ओलही जाते, लवही बसते. भट्टीचा पट्टा पावसाळ्यात हळू चालवतो.

कबड्डीच्या पॉलिएस्टर जर्सीला यातलं बरंच उलटं. तिथे 160 अंश म्हणजे घात. उष्णतेने कापडातला रंग वाफ होऊन पांढऱ्यात शिरतो आणि लाल जर्सीवरची अक्षरं गुलाबी होतात. त्यासाठी लो-ब्लीड, म्हणजे कापडाचा रंग वर कमी येऊ देणारा, कमी तापमानाचा पांढरा 130 ते 140 अंशांवर भाजतो, हट्टी लाल-मरून कापडाला खाली राखाडी अडथळ्याचा थर देतो, आणि गरम जर्सी एकावर एक रचत नाही. गुलाबीपणा भट्टीतून निघताना दिसेलच असं नाही, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. म्हणून जर्सीचं काम आलं की एक नग आधी छापून तीन दिवस टांगून ठेवतो, आणि दारातल्या उजेडात तो कोऱ्या कागदाशेजारी धरून बघितल्यावरच बाकीचा गठ्ठा फोडतो.