तुम्ही विचारलंत म्हणून : कोणाचे सरकार आले म्हणजे बाजार चढेल?

‘सर, तुम्ही एवढे पेपर वाचता, मग सरळ सांगून टाका ना, कोणाचे सरकार आले म्हणजे शेअर बाजार चढेल?’ विवरणपत्रे भरण्याच्या हंगामात हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. मी नाशिकमध्ये करसल्लागार म्हणून काम करतो. माझ्याकडे येणाऱ्यांत सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले पगारदार आहेत, तसेच निफाड-चांदवडकडचे कांदा आणि द्राक्षे पिकवणारेही आहेत, आणि अलीकडे या दोघांच्याही कागदांच्या पिशवीत डिमॅट खात्याचे, म्हणजे शेअर ठेवण्याच्या खात्याचे, उतारे निघू लागले आहेत. मी उत्तर टाळतो अशी त्यांची तक्रार असते. खरे तर माझे उत्तर ठरलेले आहे, फक्त ते त्यांना हवे तसे नाही: सरकारच्या नावावरून मला बाजार सांगता येत नाही, सरकारच्या अधिसूचनेवरून मात्र थोडाफार सांगता येतो.

नावाची गोष्ट आधी उरकतो. १७ मे २००४ रोजी, वाजपेयी सरकार गेले आणि डाव्यांच्या पाठिंब्यावर काँग्रेसप्रणीत आघाडी येणार हे स्पष्ट झाल्यावर, मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स एका दिवसात ११ टक्क्यांहून अधिक घसरला आणि दिवसभरात व्यवहार दोनदा थांबवावे लागले. त्या दिवशी तो साडेचार हजारांच्या आसपास बंद झाला. ज्या सरकारच्या धास्तीने हे घडले, त्याच सरकारच्या काळात, जानेवारी २००८ मध्ये, त्याने २१ हजारांचा टप्पा ओलांडून दाखवला. पुढे १८ मे २००९ रोजी तीच आघाडी डाव्यांच्या टेकूशिवाय परत येणार म्हणून बाजार एका दिवसात १७ टक्के उसळला. तेव्हा पक्ष तोच, आघाडी तीच, आणि एकदा आपटी, एकदा उसळी.

२०२४ चा अनुभव ताजा आहे. मतदानोत्तर चाचण्या १ जूनच्या संध्याकाळी आल्या आणि सोमवारी, ३ जूनला, सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी वर गेला. दुसऱ्या दिवशी मतमोजणीत भाजप २४० जागांवर अडकतो आहे असे दिसताच तो ४,३८९ अंशांनी, म्हणजे पावणेसहा टक्क्यांनी, कोसळला. आघाडीचे सरकार येणार हे नक्की झाले आणि ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ या नव्या उच्चांकावर बंद झाला. या चार दिवसांत देशातला एकही कारखाना बंद पडला नव्हता आणि एकही नवा सुरू झाला नव्हता. सोमवारी लोकांनी मोठ्या विजयाची किंमत आधीच मोजून टाकली होती, मंगळवारी विजय अपेक्षेहून लहान निघाला, तेवढा फरक भावातून वजा झाला. त्यामुळे निकाल अचूक सांगणारा माणूस भेटला, तरी त्याच्या भाकितावर पैसे मिळतीलच असे नाही. बाकीच्यांनी काय धरून ठेवले आहे हेही त्याला ठाऊक असावे लागते, आणि ते सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

आता अधिसूचनेकडे वळतो, कारण राजकारणाने भाव कसा हलतो हे पाहण्यासाठी नाशिककराला दलाल स्ट्रीटपर्यंत जाण्याची गरज नाही. लासलगावच्या बाजार समितीत लिलाव पुकारला जातो तेव्हा ट्रॉलीतला थोडा कांदा खाली ओतला जातो, व्यापारी दोन-चार नग हातात घेऊन आकार, रंग आणि पत्ती, म्हणजे वरची साल, पाहतात, बोली होते आणि पाहता पाहता भाव पावतीवर चढून पुढच्या ट्रॉलीकडे घोळका सरकतो. त्या एका आकड्यामागे दिल्लीत निघालेले कागद उभे असतात. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य आले, म्हणजे त्याहून कमी भावाने कांदा परदेशी पाठवता येईना. ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने निर्यातच ३१ मार्चपर्यंत बंद झाली, तेव्हा चांदवडला शेतकरी महामार्गावर उतरले. मार्चमध्ये ही बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवली गेली आणि ४ मे २०२४ रोजी, ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून, ती उठली.

यातली डिसेंबरची अधिसूचना सगळ्यात जास्त का लागली, हे शहरातल्या गुंतवणूकदारांनी समजून घेण्यासारखे आहे. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत काही महिने राहतो, त्यामुळे भाव पडला तर शेतकरी थोडे थांबून पाहू शकतो. डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा, आणि तो टिकत नाही. काढला की विकायचा, नाहीतर सडताना बघायचा. त्यामुळे त्या आठवड्यात आदेशाने जो भाव ठरवला तोच घेऊन, त्यातून हमाली-तोलाई वजा करून, ट्रॉली रिकामी करण्याला पर्याय नव्हता. मतमोजणीच्या दिवशी, ४ जूनला, ज्यांनी मला घाबरून फोन केले त्या पगारदार मंडळींपुढे पर्याय होता: मोबाइल बाजूला ठेवून तीन दिवस काहीच न करणे. या दोन माणसांना ‘बाजार पडला’ या एकाच वाक्यात बसवणे मला पटत नाही.

निर्यातबंदीची परतफेड मतपेटीतून झाली असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. २० मे २०२४ रोजी मतदान झाले आणि नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा भास्कर भगरे या शिक्षकाने पराभव केला, हे खरे. कांदा हे त्यामागचे एक मोठे कारण होते असे मलाही वाटते, पण एकमेव होते असे म्हणणे म्हणजे पुन्हा निकालानंतर कारण चिकटवणेच झाले. आणि आदेश मागे घेतला की भाव परत येतो असेही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले, १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले, तरी आवक भरपूर आणि परदेशातली मागणी मंद असल्यामुळे शेतकऱ्याला अपेक्षित भाव मिळाला नाही. बंदीच्या काळात जो ग्राहक दुसरीकडून माल घ्यायला शिकला, तो गेट उघडले म्हणून लगेच धावत येत नाही.

कंपन्यांच्या मोठ्या सौद्यांबद्दलही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, ‘एवढा करार झाला, आता शेअर चढेल ना?’, विशेषतः ओझरला विमाने बनवणाऱ्या एचएएल या सरकारी कंपनीबद्दल, कारण तिथे कोणाचा तरी भाचा नाहीतर जावई नोकरीला असतोच. तेजस मार्क १ए या जातीच्या ८३ लढाऊ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. अमेरिकेतून इंजिने उशिरा आली आणि २०२४ मध्ये सुरू व्हायची विमाने वेळेवर मिळाली नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा ६२ हजार कोटींहून मोठा करार झाला, आणि ऑक्टोबरात ओझरच्या नव्या उत्पादनसाखळीतून पहिले विमान उडाले. नाशिककर म्हणून मला आनंद झाला. पण करारावर सही होणे आणि विमान हवाई दलाच्या ताब्यात जाणे यांच्यात जी वर्षे जातात, त्यांचा हिशेब बातमीच्या मथळ्यात नसतो. झी आणि सोनी या वाहिन्यांच्या कंपन्यांच्या विलीनीकरणाचे तर २०२१ पासून ढोल वाजले, कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरीही मिळाली, आणि २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने करार मोडला. दुसऱ्या दिवशी झीचा शेअर सुमारे ३० टक्के आपटला.

‘सरळ सांगा’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना, खोदून विचारले तर, ऑप्शनमध्ये, म्हणजे भाव पुढे चढेल की पडेल यावर केलेल्या सौद्यात, लावायला एक दिशा हवी असते. त्यांना मी शेअर बाजाराची नियामक संस्था ‘सेबी’चा २०२४ चा अभ्यास दाखवतो: तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन या प्रकारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. आकडा ऐकून माना डोलतात, आणि प्रत्येकाला आपण उरलेल्या सात टक्क्यांतले वाटतो.

माझ्या अखत्यारीतले एकच खात्रीने सांगता येते. त्याच सरकारने, ज्याच्या नावावर बाजार आधी उडाला आणि मग पडला, २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शेअरच्या अल्पकालीन नफ्यावरचा कर १५ टक्क्यांवरून २० आणि दीर्घकालीन नफ्यावरचा १० वरून साडेबारा टक्के केला. दीर्घकालीन नफ्यावरची सूट तेवढी एक लाखाची सव्वा लाख झाली. निकालाची पडझड तीन दिवसांत भरून निघाली, हा दर मात्र लागू राहिला. त्या वर्षीच्या विवरणपत्रात २३ जुलैच्या आधीची विक्री आणि नंतरची विक्री वेगवेगळी दाखवावी लागली, आणि ४ जूनला घाईने विकून मोकळे झालेल्यांपैकी ज्यांच्या विक्रीत नफा निघाला, त्यांना जुन्या, कमी दराने कर भरावा लागला.