ज्याच्यावर देखरेख, त्याच्याच खिशातून खर्च : टेक्ससमधील प्रोबेशनचा माझा अनुभव

ऑगस्ट २०२२ मध्ये टेक्ससमधील एका काउंटी न्यायालयाने मला दारू पिऊन गाडी चालविल्याबद्दल दोषी ठरविले. रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण ०.०८ या मर्यादेच्या वर होते, सुदैवाने अपघात झालेला नव्हता, आणि चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हा मी स्वतःची कैफियत मांडायला बसलेलो नाही. या गुन्ह्याला १८० दिवसांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. त्याऐवजी मला बारा महिन्यांचे प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेर राहून अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली न्यायालयाच्या अटी पाळण्याची शिक्षा, मिळाले. कायद्यात त्याला ‘कम्युनिटी सुपरव्हिजन’ म्हणतात, पण वकिलापासून कारकुनापर्यंत सगळ्यांच्या तोंडी प्रोबेशन हाच शब्द असतो.

अटींच्या कागदावर दंड, समाजसेवेचे तास आणि मद्यपानविषयक वर्ग यांच्याबरोबर एक ओळ होती : देखरेख शुल्क, दरमहा ६० डॉलर. टेक्ससच्या कायद्याप्रमाणे न्यायाधीश हे शुल्क २५ ते ६० डॉलरांच्या दरम्यान ठरवतात. मला नोकरी होती, त्यामुळे वरची मर्यादा लागली आणि त्यात गैर काही वाटले नाही. सातारला वकिली करणाऱ्या मामांना फोनवर हे सांगितले, तर ते म्हणाले, “हप्ता? आणि तो सरकारला?” आपल्याकडे १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्यान्वये चांगल्या वर्तनाचे बंधपत्र लिहून घेतात, न्यायालय पीडिताला भरपाई द्यायला लावू शकते, पण परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीसाठी गुन्हेगाराकडून महिन्याला पैसे घेण्याची पद्धत नाही. इथे मात्र प्रोबेशन कार्यालये राज्याच्या अनुदानाबरोबर आमच्या शुल्कावरही चालतात.

त्याचा अर्थ मला दर महिन्याच्या भेटीत कळत गेला. आधी काचेआडच्या खिडकीवर पैसे भरायचे, प्रत्येक भरण्यामागे २ डॉलर वेगळे द्यायचे, पावती घ्यायची आणि मगच अधिकाऱ्याच्या खोलीत जायचे. अधिकारी बाई सभ्य होत्या. पण पंधरा मिनिटांच्या भेटीत पहिला प्रश्न पावतीचा असे, पत्ता आणि नोकरी यांची चौकशी त्यानंतर, आणि ज्या दारूमुळे मी तिथे बसलो होतो तिचा विषय वेळ उरला तर निघे.

या खिडकीच्या रांगेत माझी एका पन्नाशीतल्या गृहस्थाशी ओळख झाली. तिसऱ्या भेटीत त्याने आपणहून सांगितले की त्याचे नाव लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत आहे. मी नकळत अर्धे पाऊल मागे सरकलो, आणि ते त्याने पाहिले, हे आजही मला बोचते. त्याच्या पावतीवर ५ डॉलरांची एक जादा ओळ होती. अशा ठरावीक गुन्ह्यांत टेक्सस दरमहा ५ डॉलर अधिक घेते आणि ते लैंगिक अत्याचार पीडितांच्या मदतकार्यासाठीच्या निधीत जातात. ही तरतूद मला पटते, कारण पैसा पीडितांच्या कामी येतो.

खुद्द नोंदवही चालविण्याचा खर्च गुन्हेगारांकडून काढण्याची कल्पना मात्र मला पटत नाही. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेतील राज्यांना अशा नोंदवह्या ठेवायला लावले. इलिनॉयमध्ये नोंदणीसाठी वर्षाला १०० डॉलर शुल्क आहे. आता, नोंदवहीतल्या माणसाला घर व नोकरी मिळणे आधीच दुरापास्त असते, आणि नोंदवहीचा सारा उपयोग त्याने वेळच्या वेळी खिडकीशी येऊन खरा पत्ता देण्यावर अवलंबून असतो. त्याच खिडकीवर पैसे मागितले, तर ज्याचा खिसा रिकामा आहे तो यायचे टाळणार. म्हणजे निधीही आटणार आणि पत्ताही हरवणार. नोंदवही सर्वांच्या सुरक्षिततेसाठी असेल, तर तिचा खर्च माझ्या करातून व्हावा. भारतात २०१८ मध्ये सुरू झालेली अशी राष्ट्रीय नोंदवही फक्त तपास यंत्रणांसाठी आहे. इथली कोणीही इंटरनेटवर पाहतो, मग खर्चाला सर्वांनी हात का लावू नये?

जानेवारी २०२३ मध्ये माझी नोकरी गेली, आणि हा प्रश्न माझ्याही दाराशी आला. ऐपत नसल्यामुळे पैसे थकले, तर तेवढ्यावरून प्रोबेशन रद्द करता येत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात ठरविले आहे. परंतु हा हक्क आपोआप पदरात पडत नाही, अर्ज करावा लागतो. मी नोकरी गेल्याचे पत्र, तीन महिन्यांचे बँक खाते, भाड्याचा करार आणि विजेचे बिल जोडून सवलत मागितली. पहिला अर्ज एका पानावर सही राहिल्याने परत आला. दुसऱ्या वेळी न्यायाधीशांनी चार-पाच मिनिटे कागद चाळले, आर्थिक अडचण मान्य केली आणि शुल्क २५ डॉलरांवर आणले. गाडीत बसविलेल्या श्वासचाचणीच्या यंत्राचे भाडे खासगी कंपनीचे होते, त्यात एक पैसाही कमी झाला नाही.

कोणी अशा फेऱ्यात सापडले, तर माझा सल्ला एवढाच की पैसे थकायच्या आधी अर्ज द्यावा, आणि प्रत्येक पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण त्या कागदावरची शाई दोन महिन्यांत उडते.

चांगल्या वर्तनाबद्दल प्रोबेशन लवकर संपते असे ऐकले होते, म्हणून तेही विचारून पाहिले. कलम वाचले तेव्हा कळले की ती सवलत ज्यांना मिळत नाही त्यांच्यात दारू पिऊन गाडी चालविणारे आहेत, आणि त्याच कलमात खालच्याच ओळीत लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंदणी करावी लागणारेही. ज्याच्यापासून मी अर्धे पाऊल मागे सरकलो होतो, त्याला कायद्याने माझ्या शेजारीच बसविले होते.

ऑगस्ट २०२३ मध्ये शेवटचे २५ डॉलर भरले. खिडकीतल्या बाईंनी पडद्याकडे पाहून सांगितले की मे महिन्यातल्या भरण्याचे २ डॉलर येणे आहेत, ते आल्याखेरीज समाप्तीचा कागद निघणार नाही. माझ्याकडे सुटे नव्हते. मागे उभ्या असलेल्या त्या गृहस्थाने काही न बोलता दोन नोटा काचेखाली सरकवल्या.