पन्नास मिनिटं कमी पडली

श्रावण लागला की मुंबई बेसवरचे आम्ही मराठी वैमानिक एकमेकांची रोस्टरं चाळायला लागतो. सणाची रजा सगळ्यांनाच मिळत नाही, त्यामुळे उरलेल्यांचा भरवसा स्वॅपवर, म्हणजे आपसात ड्युट्या बदलण्यावर. कोकणातल्यांना चतुर्थी हवी असते, आम्हा घाटावरच्यांना गौरी, त्यामुळे बहुतेक वेळा जमून जातं. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि गौरीपूजन १ सप्टेंबरला. कुडाळच्या माझ्या बॅचमेटला २७-२८ ची गुवाहाटी ट्रिप लागली होती आणि माझे ते दोन दिवस मोकळे होते. मला ३१ ऑगस्ट-१ सप्टेंबरची ट्रिप, तेव्हा तो मोकळा. दोघंही कॅप्टन, दोघंही एअरबस ए-३२० वर, बेसही एकच. याहून सरळ अदलाबदल मी तरी पाहिलेली नाही.

बाहेरच्यांना वाटतं, बँकेत काउंटरवरचे दोघं आपसात पाळी बदलतात तसं हे असेल. तसं नसतं. माझ्या नावावर त्याची ट्रिप टाकली की माझे मागचे सात दिवसांचे उड्डाणाचे तास मोजले जातात, ते पस्तीसच्या वर जाता कामा नयेत. वर्षाचे हजारच्या वर नकोत. आधीची विश्रांती, नंतरची विश्रांती, मेडिकल, सिम्युलेटर चेकची मुदत हे सगळं दोघांचंही तपासलं जातं. ट्रिपबरोबर तिच्यावरचा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिकही येतो. तो नवखा आणि कॅप्टनही नवा असेल तर ती जोडी चालत नाही. मंगळुरू किंवा कोळिकोडसारखा टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरच्या धावपट्टीचा विमानतळ असेल तर ते वेगळंच प्रकरण. यातली एकही अट मला नकोशी वाटत नाही. माझा राग या तपासण्यांवर नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचा स्वॅप मंजूर झाला, पण सहज नाही. 'पेंडिंग' असं पिवळं लेबल कित्येक दिवस तसंच पडून होतं. अमेरिकेत सीनियॉरिटीनुसार ट्रिपा मागायची आणि मग आपसात बदलायची बसलेली पद्धत आहे. आमच्याकडे विनंती करायची आणि शेड्युलिंगमधल्या कुणाला तरी वेळ मिळेपर्यंत थांबायचं. तिथली मुलं वाईट नाहीत. रात्रपाळीत शेकडो जणांचे फोन घेतात, प्रत्येकाची बोलणी खातात. पण आपल्या सहीने एखादी फ्लाइट अडकली तर, या भीतीने 'नाही' म्हणणं त्यांना सोपं जातं.

आता २४ ऑगस्टची रात्र. त्याआधी वीकली रेस्टचा नियम सांगावा लागेल, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. १ जुलै २०२५ पासून आठवड्याची विश्रांती सलग ३६ तासांची ४८ झाली, आणि तिच्यात दोन 'लोकल नाइट' पूर्ण असाव्या लागतात. लोकल नाइट म्हणजे रात्री दहा ते सकाळी आठ यांमधले सलग आठ तास. एका रेस्टपासून पुढच्या रेस्टपर्यंत १६८ तासांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, त्यामुळे माझी रेस्ट पुढे ढकलायची सोय नव्हती. दिल्लीहून येणारी माझी शेवटची फ्लाइट २२:५० ला मुंबईत लागायची होती. त्यापुढचा अर्धा तास ड्युटीत धरला तर २३:२० ला सुट्टी. दोन रात्री व्यवस्थित मिळत होत्या आणि २७ च्या पहाटे ०५:१० चं रिपोर्टिंग नियमात बसत होतं.

मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते. त्या रात्री आम्हाला आधी वेग कमी करायला सांगितलं, मग होल्डमध्ये, म्हणजे हवेतच घिरट्या घालत ठेवलं. उतरलो तर बे, म्हणजे विमान उभं करायची जागा, रिकामा नाही. टॅक्सीवेवर पार्किंग ब्रेक लावून उभे. पुढचं विमान पुशबॅकची वाट बघतंय, त्याला मागे ढकलणारा टग आलेला नाही. माझ्या शेजारचा फर्स्ट ऑफिसर प्रवाशांसाठी घोषणा करत होता आणि माझी नजर घड्याळाकडे जात होती. हिशेब मला पाठ होता. साडेअकराच्या आत बेवर ब्रेक लागला तर बाराच्या आत ड्युटी संपते आणि ही रात्र धरली जाते. नाहीतर धरली जात नाही.

याच जागी मी अजून अडकून आहे. इंधन पुरेसं होतं, कामात काही कमीजास्त झालं नाही, कुणाला घाई केली नाही. पण कुडाळचा गणपती त्या कॉकपिटमध्ये माझ्याबरोबर बसला होता. चॉक्स-ऑन, म्हणजे विमान बेवर थांबणं, किती वाजता होतो याच्याशी कॅप्टनचा खाजगी संबंध असता कामा नये. आम्हाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात, आणि मग रोस्टर असं बांधतात की तो संबंध जुळतोच.

ब्रेक लागला, दार उघडलं, वेळ आपोआप कंपनीच्या सिस्टमला गेली : २३:५०. ड्युटी संपली ००:२०. म्हणजे आठपर्यंत सात तास चाळीस मिनिटं. ती रात्र बाद. पुढच्या दोन रात्री मोजायच्या, आणि दुसरी पूर्ण होणार २७ च्या सकाळी सहाला. ०५:१० चं रिपोर्टिंग पन्नास मिनिटांनी बेकायदा. एरवी मी तोवर बावन्न तासांहून जास्त घरी असणार होते.

सकाळी शेड्युलिंगचा फोन आला. "मॅडम, स्वॅप रिव्हर्ट झालाय. ट्रिप ओरिजिनल क्रूकडे गेली." ओरिजिनल क्रू, म्हणजे माझा बॅचमेट, आदल्या रात्रीच गाडीने गावी पोहोचला होता.

मी तिथे थांबले नाही. २७ लाच ०६:४० रिपोर्टिंगची कोलकाता ट्रिप होती, तीही नाइट हॉल्टची. तिच्या कॅप्टनला फोन केला, तो गुवाहाटी घ्यायला लगेच तयार झाला. त्याची कोलकाता मी घेतली असती, आणि तिघंही नियमात बसत होतो. तक्ता करून मेल केला, फोनवर शब्दाशब्दाने समजावलं. उत्तर मिळालं की सिस्टममध्ये तिघांची अदलाबदल होत नाही, शिवाय ७२ तासांच्या आत स्वॅपची विंडो बंद असते. फोन ठेवला आणि दुपारच्या आत माझ्या मोबाइलवर नोटिफिकेशन आलं : २९ ची माझी ड्युटी बदलून पुण्याऐवजी इंदूर. कंपनीला हवं तेव्हा विंडो उघडी असते. ते मला मान्य आहे, विमानसेवा तशीच चालते. पण तेवढ्याच सहजतेने तीन माणसांचं भलं करायला कुणाचा हात का अडावा, हे मला कुणी समजावून दिलेलं नाही.

बॅचमेटला फोन करायचा धीर करत होते, तेवढ्यात त्याचाच आला. "अगं, तू सांगू नकोस. कळलं मला." २६ ला दुपारी त्याने गणपतीवरची फळापानांची माटवी बांधली. कवंडळं, नारळ, सुपाऱ्यांचे घोस, सगळं नेहमीसारखं. गणपती बसवायचं चुलतभावावर सोपवलं आणि गोव्यातल्या मोपा विमानतळावरून संध्याकाळच्या विमानाने तो मुंबईला आला. गाडीने यायचं त्याने मनातही आणलं नाही. महामार्गावर रात्र काढून पहाटे कॅप्टनच्या डाव्या सीटवर बसायचं नाही, ही शिस्त त्याच्यात आहे. रजिस्टरवर ती दिसत नाही म्हणून तिची किंमत कमी होत नाही.

आणि मग त्याच रात्री दहाच्या सुमारास गुवाहाटीची फ्लाइट री-टाइम झाली. विमान बदललं, रिपोर्टिंग ०६:३०. माझी रेस्ट सहाला संपत होती. मी नियमात होते, घरी होते, जायला तयार होते. फोन केला. रिव्हर्ट झालेला स्वॅप पुन्हा उघडता येत नाही म्हणे. सकाळी तो गुवाहाटीला गेला आणि मी घरी बसले. गौरीची ट्रिप अर्थात माझ्याकडेच परत आली होती, तीही मी केली.

शिवणात माया ठेवतात तशी रोस्टरात ठेवावी लागते, पण तास मोकळे दिसले की ते भरायचे, अशीच सगळीकडे रीत झाली आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा टीव्हीवर वैमानिकांच्या विश्रांतीवर खापर फुटलं. वीकली रेस्टच्या जागी रजा धरायची नाही, ही सूचना विमान वाहतूक नियामकाने ५ डिसेंबरला मागे घेतली. विमानतळावर अडकलेल्या लोकांचा राग मला समजतो. पण दीड-दोन वर्षं आधी कळलेल्या नियमासाठी माणसं कुणी घेतली नाहीत, हे विचारायचं सोडून आम्ही झोपतो किती याची चर्चा झाली, ते मला फार लागलं.

मी लेखी दोन गोष्टी मागितल्या आहेत. तिघांचा स्वॅप चालू करा, आणि फ्लाइट री-टाइम झाली तर रद्द झालेला स्वॅप पुन्हा तपासा. तपासायचं काम मशिनचंच आहे, माणसाचा वेळ जात नाही. 'पुढच्या अपडेटमध्ये विचार करू' असं उत्तर आलंय.

२०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. मी ठरवलंय, रेस्टच्या आधीची शेवटची फ्लाइट रात्री दहानंतर लागत असेल तर पुढची कुणाची ट्रिप घ्यायची नाही. मला तो हिशेब पुन्हा कॉकपिटमध्ये नकोय. बॅचमेटला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, मुंबईत दहाच्या आत घरी येतंय कोण, असं प्रत्येकाने म्हटलं तर कोकणातला एकही माणूस चतुर्थीला घरी जाणार नाही. यावर आमचं अजून भांडण चालू आहे.