तुम्ही विचारलंत म्हणून: धाकट्याला ग्राउंडवर कशाला नेता?

परवा गेटवर शेजारच्या काकूंनी परत विचारलं. हा प्रश्न मला महिन्यातून चारदा तरी येतोच, कधी लग्नाच्या पंगतीत, कधी किराणा दुकानात, कधी व्हॉट्सॲपवर हात जोडलेल्या इमोजीसकट. "वैनी, शनिवार-रविवार एवढी पळापळ करायलेत तुम्ही, मोठीचं सॉफ्टबॉल, मधल्याचं खो-खो, ते ठीकय, पण धाकट्याला कशाला नेता ओ उन्हातान्हात? आज्जीजवळ ठेवत जा की." काकूंच्या मनात वाईट काही नसतं, मला माहितीये. पण गाडी चालू ठेवून दोन मिनिटांत देण्यासारखं हे उत्तर नाही म्हणून मी नुसती हसते आणि निघते. आज बसून लिहिते.

आमची तीन लेकरं. मोठी दहावीत, मधला सातवीत, धाकटा नऊ वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअरवर असतो, बोलतो पण शब्द यायला वेळ लागतो, समोरच्याला धीर असेल तर सगळं कळतं. ह्यांची वाळूजला शिफ्ट. राहतो संभाजीनगरला, तोंडात अजून औरंगाबादच येतं, चालायचंच.

गेल्या शनिवारचंच सांगते. आमच्या भागात नळाला आठवड्यानं पाणी येतं आणि ते कधी यावं तर शनिवारी पहाटे चारला. म्हणजे एकीकडं टाकी, पिंप, बादल्या, तांब्यासुद्धा भरून ठेवायचा, दुसरीकडं तव्यावर धपाटे, कारण तिघांच्या तीन ठिकाणी तीन वेळा भुका लागणार आणि धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी ही एकच गोष्ट दुपारपर्यंत तशीच्या तशी राहते. सहाला मधला प्रॅक्टिसला. आठला मोठीची शालेय स्पर्धा, मेसेजमध्ये "रिपोर्टिंग शार्प ८" असं तीन उद्गारचिन्हं टाकून लिहिलेलं. आम्ही आठला हजर. प्रमुख पाहुणे सव्वादहाला. मग हार, मग नारळ, मग दोन भाषणं, "खेळातून व्यक्तिमत्त्व विकास" वगैरे, आणि ज्यांचा विकास व्हायचा त्या पोरी उन्हात रांगेत उभ्या. पहिली मॅच अकराला सुरू झाली. तोवर मधल्याची मॅच शहराच्या दुसऱ्या टोकाला संपूनही गेली, धाराशिवच्या पोरांनी एक डाव राखून हरवलं म्हणे. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं, धाराशिवचा खो-खो म्हणजे काय ते सगळ्यांना माहिती, सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला ती तिथलीच. पण बारा वर्षांच्या पोराला हे सांगून बघा. गाडीत बसला तो घरी येईपर्यंत एक शब्द नाही.

आणि ह्या सगळ्यात धाकटा कुठं? गाडीत. नाहीतर मंडपाच्या कडेला, जिथं सावली असेल तिथं. तो सहा वर्षांचा असल्यापासून असंच. ताईची मॅच संपेपर्यंत थांब, दादाचं आवरेपर्यंत थांब, प्रमुख पाहुणे येईपर्यंत थांब. घरात सगळ्यात जास्त वेळ ग्राउंडवर कुणी काढला असेल तर त्यानं, आणि एकदाही खेळायला नाही. हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली, हेही सांगून टाकते.

लक्षात आलं ते असं. मागच्या वर्षी मोठीच्या एका मॅचला तिला तिसरी स्ट्राइक लागली, म्हणजे तिसऱ्यांदा बॉल हुकला, मान खाली घालून ती परत यायला निघाली, आणि कडेनं जोरात आवाज, "पळ! ताई पळ! सुटला!" धाकट्याचा. सॉफ्टबॉलमध्ये एक नियम आहे, तिसरी स्ट्राइक कॅचरच्या, म्हणजे बॅटरच्या मागं बॉल पकडायला बसते तिच्या, हातून सुटून खाली पडली तर बॅटर लगेच आऊट होत नाही, पहिला बेस, म्हणजे पळत जाऊन गाठायचा पहिला थांबा, मोकळा असेल किंवा दोन आऊट झालेले असतील तर पळत सुटायचं, कॅचरनं बॉल अंगाला लावून टॅग करायच्या किंवा बेसवर बॉल पोचायच्या आत पोचलं की सेफ. कॅचर बॉल शोधत होती. मोठी पळाली आणि सेफ झाली. तिचे सर माझ्याकडं आले, "ह्याला कुणी शिकवलं हो?" कुणीच नाही. तीन वर्षं बसून बघितलंय, येणारच.

पुढचं सगळं त्या सरांनी केलं. त्यांनी मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. तिकडं जॉर्जिया राज्यात कॉनयर्स म्हणून एक गाव आहे, तिथं १९९८ मध्ये अपंग मुलांसाठी बेसबॉलची, म्हणजे सॉफ्टबॉलसारख्याच खेळाची, मिरॅकल लीग सुरू झाली, त्याच्याही आधी १९८९ पासून लिटल लीगवाल्यांचा चॅलेंजर नावाचा वेगळा विभाग आहे. मिरॅकल लीगचं ग्राउंड म्हणजे माती नाही, गवत नाही, सपाट रबर, बेससुद्धा उंच उशीसारखे नाहीत, जमिनीवरच सपाट केलेले, व्हीलचेअरचं चाक अडू नये म्हणून. प्रत्येक खेळाडूबरोबर एक धडधाकट मूल, त्याला बडी म्हणतात. प्रत्येक इनिंगला प्रत्येकाची बॅटिंग होणारच. बेसवर सगळे सेफ. आणि शेवटच्या बॅटरला होम रन, म्हणजे बेसवरचे सगळे घरी, जिथून बॅटिंग केली तिथं, परत येतात.

आमच्याकडं रबर कुठलं. आमच्याकडं काळी माती, पावसाळ्यात चाक गिळते आणि पाऊस उघडला की अशा भेगा पडतात की व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं त्यात सरळ उतरतात. वर सराटे. पहिल्याच रविवारी दोन्ही मागची चाकं पंक्चर, चौकातल्या पंक्चरवाल्यानं अठरा काटे काढून माझ्या हातावर ठेवले, म्हणाला, "ताई, रानात नेली होती का खुर्ची?" तेव्हापासून आम्ही एका शाळेच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर खेळतो. रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ. बेस म्हणजे खडूनं आखलेले चौकोन. टी म्हणजे बॉल ज्याच्यावर ठेवायचा तो खांब, आम्ही ट्रॅफिकच्या कोनात पाण्याचा पाइप खोचून वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवलाय. नऊ लेकरं येतात. एका मुलीला अजिबात दिसत नाही. अंधांच्या बीप बेसबॉलमध्ये बॉल बीप वाजतो आणि बेसचा बझर वाजतो, आमच्याकडं बॉलमध्ये घुंगरू आणि बेसवर एक पोरगा स्टीलचं ताट चमच्यानं बडवत उभा. कोर्टशेजारच्या एका घरातून पहिल्या महिन्यात तक्रार आली, आता त्याच घरातले आजोबा खुर्ची टाकून बघायला बसतात.

काहीजण विचारतात क्रिकेट का नाही, अख्खा देश क्रिकेट खेळतो. सोपंय. क्रिकेटमध्ये बॉल अंगावर येतो, माझ्या लेकराचा हात खाली यायला वीस सेकंद लागतात. टीवरचा बॉल थांबून राहतो. त्याची मूठ मधेच उघडते म्हणून मी क्रेप बँडेजनं त्याचा उजवा हात प्लास्टिकच्या बॅटला गुंडाळते. मग तो खांदा उचलतो, कोपर बाहेर जातं, परत आत आणतो, जीभ जरा बाहेर, अख्खं कोर्ट गप्प, ताटवाला पोरगापण गप्प. आणि मग टक्. कधी बॉल चार फूट जातो, कधी पाइपच पडतो. आणि इथं नंबर ठरलेला असतो, तुझी पाळी आली की तुझीच, गल्लीतल्या क्रिकेटसारखं बॅट ज्याची त्यानं तासभर खेळायचं असं नाही.

आता लोकांचं कसं असतं बघा. मोठी खेळते तर म्हणतात बरंय, दहावीला खेळाचे मार्क मिळतील, पुढं नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहेच. धाकट्याचं निघालं की एक तर "त्याला काय मिळणार?" नाहीतर एकदम दुसरं टोक, "पाठवा की पॅरालिंपिकला, आपल्या नांदेडची भाग्यश्री जाधव नाही का गेली." ती गेलीच, बसून गोळाफेक करते, २०२४ ला पॅरिसला उद्घाटनात तिरंगा धरायचा मान तिला होता, आमच्या घरी तो व्हिडिओ कितीदा बघून झालाय. पण शेजारच्या पोराला क्रिकेट खेळताना बघून कुणी विचारत नाही की वर्ल्डकपला कधी जाणार. माझ्या लेकराला तेवढी तरी मोकळीक द्या ना, नुसतंच खेळायची.

तर काकूंचं उत्तर साधं आहे. आठवडाभर तो सगळ्यांसाठी थांबतो. रविवारी दीड तास सगळे त्याच्यासाठी थांबतात. मोठी पिचिंगला, म्हणजे बॉल टाकायला, मधला कॅचर, त्यांची मॅच असली तरी आधी इकडं. मोठी एकदा कुरकुरली, सेमीफायनल होती तिची. मी म्हणलं, हिशोब करू का किती तास तो थांबला? नंतर काही बोलली नाही.

पण म्हणून सगळं गोड गोड चाललंय असंही नाही. दोन महिन्यांतच धाकट्यानं भांडण काढलं, आणि तेही "सगळे सेफ" ह्या नियमावरून. गल्लीत खेळताना लहान पोराला कसं घेतात, आऊट झाला तरी आऊट नाही, कच्चा लिंबू म्हणा, दूधभात म्हणा. त्याला ते बरोबर कळलं. एका रविवारी बॅट खाली टाकून म्हणाला, "मी दूधभात नाय. मला आऊट करा." सर समजावायला लागले की हा तिकडचा नियम आहे, मोठ्या विचारानं केलाय. तो ऐकेना. मला तर वाटलं हट्ट आहे, रागावलेपण. पण तीन वर्षं ज्यानं खरी मॅच बघितली त्याला खोटी मॅच देऊन कसं चालेल. मग ठरलं की ज्याचं त्यानं सांगायचं. पाच जण बिनआऊटचे, चौघं आऊटवाले. आऊटवाल्यांना टी नाही, मोठी जवळून हळू अंडरआर्म टाकते, तीन स्ट्राइक, खरेखुरे.

अठरा रविवारांत त्याची बॅट चालत्या बॉलला सहा वेळा लागलीय. बाकी सगळा वेळ आऊट. आणि आऊट झाल्यावर तो जी तोंडं करतो ना, मधला खो-खो हरल्यावर करतो अगदी तशीच.

परवाच्या रविवारी तिसरी स्ट्राइक गेली, मधल्याच्या हातून बॉल सुटला आणि घरंगळत पाण्याच्या बाटल्यांकडं गेला. कुणाचं लक्ष नाही. त्याचा बडी, नववीतला पोरगा, खुर्ची वळवून बाहेर घ्यायला लागला तर हा हँडब्रेक दाबून बसला. "सुटला... सुटला... पहिल्या बेसवर ने." बडीला नियमच माहिती नाही. तोवर मधल्यानं बॉल आणून टॅग केला.

घरी येताना गाडीत नुसता कालवा. मोठी म्हणे पहिल्या बेसवर घुंगरूवाली उभी होती, बेस मोकळा नव्हता, नियम लागू नाही. हा म्हणे दोन आऊट होते, मग बेस भरलेला असला तरी चालतं. मधला म्हणे एकच आऊट होता. आता बिनआऊटवाले आणि आऊटवाले एकाच टीमात, कोण मोजतंय. क्रांती चौकाच्या सिग्नलला मी म्हणलं बास करा, तर धाकटा म्हणाला, "सरांना फोन लाव."

लावला. सर म्हणाले वही बघून सांगतो. वहीत त्या इनिंगचं पान चहानं भिजलंय.