न थांबणाऱ्या बाळाचे छायाचित्र

आज एका दीड वर्षाच्या मुलीची छायाचित्रे काढताना पुन्हा ठामपणे जाणवले, की या वयाच्या मुलाला ‘हलू नकोस’ असे सांगण्यात काही अर्थ नसतो, कारण नुकतेच चालू लागलेल्या जिवाला चालण्याइतका आनंद दुसऱ्या कशातच मिळत नाही. तडजोड करायची ती छायाचित्रकाराने.

शटरचा वेग सेकंदाचा १/५०० किंवा त्याहून जलद ठेवला, की धावती पावले स्पष्ट येतात. घरातल्या मंद प्रकाशात त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढवावा लागतो आणि चित्र थोडे कणीदार होते, परंतु माझ्या मते कण चालतात, हललेला चेहरा चालत नाही. फोकस हालचालीचा सतत मागोवा घेणारा असावा. ॲपर्चर, म्हणजे भिंगातून प्रकाश आत येण्याचे छिद्र, एफ/१.८ इतके मोठे उघडले, तर जवळून टिपताना एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर होण्याची शक्यता असते. म्हणून मी एफ/४ च्या, म्हणजे त्याहून लहान छिद्राच्या, आसपास राहते.

सर्वांत मोठा फरक मात्र जमिनीवर पालथे पडून कॅमेरा मुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर आणल्याने पडला. वरून काढलेल्या चित्रांत केवळ डोके आणि केस दिसतात. खालून मात्र तिचे कुतूहल, तिची एकाग्रता आणि (हे मला विशेष प्रिय आहे) तोल सावरतानाची तिची गंभीर मुद्रा दिसते.

तिने डोळे चोळायला सुरुवात करताच मी काम थांबवले. आईला आणखी काही छायाचित्रे हवी होती, परंतु झोपेला आलेल्या बाळाकडून हसू मागणे मला पटत नाही.