मेथी अडकते, मॅडम

तालुक्याच्या गावी दवाखाना टाकून दीड वर्ष झालं होतं. एका शिक्षिकाबाईंच्या खालच्या पहिल्या मोठ्या दाढेत, शेजारच्या दाढेकडच्या बाजूला कीड होती. मी दाताच्या रंगाचं काँपोझिट नावाचं मटेरियल भरलं. रंग असा जुळला की फोटो काढून ठेवला. आठवड्यात बाई परत. "दिसायला छान आहे हो, पण मेथी अडकते, मॅडम. काडी घेऊनच जेवायला बसते." फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा दोरा, घातला तर तो दोन दाढांमधून अलगद निसटला. दाढा एकमेकींना टेकल्याच नव्हत्या.

कॉलेजात हात चांदी भरण्यावर बसलेला. दाढेभोवती पट्टी आवळायची आणि चांदी ठासायची. त्या दाबाने पट्टी शेजारच्या दाढेला जाऊन भिडते. काँपोझिट मात्र लोण्यासारखं. ते पट्टीला ढकलत नाही, लाइटने कडक होताना उलट आकसतं. त्यात पट्टीच्या जाडीएवढी फट राहते ती वेगळीच. हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

सेक्शनल मॅट्रिक्सचा सेट मागवला. किंमत बघून पोटात गोळा आला. यात पट्टी आधीच दाढेसारखी फुगीर असते आणि वरून लावायची रिंग दोन्ही दाढांना किंचित दूर ढकलते. रिंग काढली की दाढा जागेवर येतात आणि पट्टीची फट बुजते. काढलेल्या दाढा प्लास्टरमध्ये रोवून रात्री सराव केला. रिंग दोनदा उडाली, एकदा थेट बेसिनमध्ये.

दुसरी भीती रबर डॅमची, म्हणजे दाढ तेवढी बाहेर ठेवून बाकी तोंड झाकणाऱ्या रबरी पडद्याची. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नमने तो 1864 साली वापरात आणला, आणि मी "पेशंटला गुदमरतं" म्हणून टाळत होते. खरं तर गुदमरत होते मीच, डॅम दाढेवर धरून ठेवणारा चिमटा, क्लॅम्प, बसेना म्हणून.

बाईंची दाढ पुन्हा उघडली, पैसे न घेता. क्लॅम्पला फ्लॉस बांधला. सुटून घशाकडे गेला तर ओढून काढता यावा. "तोंडावर फुगा बांधताय का?" बाईंनी डॅम लागायच्या आत विचारून घेतलं, नंतर बोलायची सोय नव्हतीच. दोन दाढांमध्ये लाकडी पाचर, पट्टी, रिंग. मग निळं अॅसिड जेल 15 सेकंद. धुऊन हवेने सुकवल्यावर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, खडूसारखं पांढरं पडतं; त्या क्षणी थुंकी लागली की सगळं पहिल्यापासून. डॅममुळे ती लागली नाही. काँपोझिट चिकटवणारा बाँड लावला, आधी पट्टीकडची भिंत उभी केली, मग 2 मिलिमीटरचे थर, प्रत्येक थराला 20 सेकंद लाइट. रिंग काढून फ्लॉस दाबला. अडला, आणि टक् करून खाली गेला. तो आवाज मी तीनदा ऐकला, गरज एकदाच होती.

वेळ 1 तास 10 मिनिटं. बाहेर चार जण घड्याळ बघत बसलेले, त्यातला एक उठून गेला. आता अशा दाढेला मी 50 मिनिटांची वेळ देते आणि फीही वाढवली. "पलीकडे निम्म्यात होतं," हे आठवड्यातून एकदा तरी ऐकते.

त्या रात्री रजिस्टर काढलं. जुन्या पद्धतीने भरलेल्या तसल्याच 21 दाढा निघाल्या. सगळ्यांना फोन केले, 9 जण आले. पाच जणांना काही त्रास नव्हता. चौघांच्या खिशात काडी होती.