जुनी स्कोरबुकं उतरवायचं काम, अपडेट 4 : ती एका रनाची फायनल

मागच्या अपडेटनंतर बरेच दिवस गेले, गड्ड्याची जत्रा आली आणि गेली, होम मैदानावरचे पाळणे निघाले, पोरांनी परत स्टंप ठोकले आणि माझं काम मात्र एकाच मॅचपाशी अडकून पडलं होतं. आता सुटलंय म्हणून लिहायला बसलोय. लांब होईल, पण ज्यांना आपल्या सोलापूरच्या जुन्या कपांचं वेड आहे ते वाचतीलच.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या क्लबच्या कपाटात 23 स्कोरबुकं होती, मिलच्या चाळीतल्या पोरांनी क्लब काढला तेव्हापासूनची. दोन पावसाळे पाणी गळालं, चार वह्यांची पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच, त्यांचं आता काही होत नाही. उरलेल्या मी एक्सेलमधे बॉल टू बॉल उतरवतोय. आजपर्यंत 14 झाल्या. नुसते टोटल उतरवून उपयोग नाही हे मी पहिल्याच महिन्यात शिकलो, प्रत्येक बॉल बॅट्समनच्या ओळीत आणि बोलरच्या चौकटीत दोन्हीकडे सापडला पाहिजे, तेव्हाच त्या मॅचवर विश्वास ठेवायचा. आमचे जुने स्कोरर हुशार होते, बोलरप्रमाणे रिफिल बदलायचे, एकाला निळी, एकाला लाल, एकाला हिरवी, त्यामुळे आज एवढ्या वर्षांनी पण कुठला चौका कुणाला मारला ते रंगावरून कळतं. आपल्यातलं कुणी अजून हातानं स्कोरिंग करत असेल तर हे जरूर करा.

मागच्या वेळी बोलिंगचा हिशोब जुळत नाही म्हणून लिहिलं होतं ना, त्याचं उत्तर सापडलं. आता आपण बोलरचे रन अधिक बाय अधिक लेगबाय (म्हणजे बॅटला न लागता पळून काढलेले रन) असं करून टोटल जुळवतो, कारण वाइड आणि नोबॉल बोलरच्या खात्यात जातात. पण ही पद्धत 1980 च्या दशकाच्या मधे आली, त्याआधी वाइड नोबॉल नुसते एक्स्ट्रात जायचे, बोलरला त्याचा डाग नाही. आमच्या वह्यांमधे जुनी पद्धत त्यानंतरही बरीच वर्षं चाललीय. म्हणून जुन्या मॅचला बोलरचे रन अधिक सगळे एक्स्ट्रा असा फॉर्म्युला लावला आणि अकरा मॅच एका रात्रीत जुळल्या. त्या रात्री झोप लागली नाही, एवढा आनंद झाला होता.

एकाच मॅचचा निकाल जुळेना. ती फायनल.

शहराच्या पूर्व भागातली टीम आणि आमची टीम म्हणजे काय हे जुन्यांना सांगायला नको. वर्षभर एकमेकांच्या लग्नाला जायचं, एकाच हॉटेलात चहा प्यायचा आणि कपाची मॅच लागली की आठ दिवस बोलायचं बंद. नव्वदीच्या सुरुवातीची ही फायनल, मॅटिंग विकेट (पिचवर चटई अंथरलेली), लेदर बॉल, 40 ओव्हर. पूर्व भागवाले म्हणतात आम्ही एका रनानं जिंकलो, 188 विरुद्ध 187. आमचे म्हणतात त्यांचे 187 च होते, मॅच टाय झाली, कप दोघांत वाटायला पाहिजे होता. शेवटच्या बॉलला आम्हाला आमच्या हिशोबानं जिंकायला दोन पाहिजे होते. माझे थोरले काका स्ट्राइकला, मिडविकेटला मारला, एक काढला, दुसऱ्याला वळले आणि रनआऊट. त्यांच्या लोकांनी मैदानात धाव घेतली, पत्र्याच्या बोर्डावर 188 लटकत होतं, आमच्या स्कोररचं कुणी ऐकून घेतलं नाही.

आणि तेव्हापासून आमच्याच क्लबात काकांच्या माथी एक गोष्ट बसली, की हा एकावर थांबला असता तर गोंधळ झाला नसता, शांतपणे दोन्ही वह्या जुळवल्या असत्या आणि कप अर्धा आपल्याकडे आला असता. मी लहान असल्यापासून हे ऐकतोय. लग्नकार्यात जेवायच्या पंगतीत पण कुणीतरी विषय काढायचंच, "दुसरा रन कशाला पळालास रे?" काका काही बोलायचे नाहीत, ताटात बघायचे.

आमची वही माझ्याकडे होतीच, पण एका वहीवरून काय कळणार, दुसरी बाजू पाहिजे. ती कशी मिळाली ते ऐका. 2024 च्या जानेवारीत आपल्या पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र आणि मणिपूरची रणजी मॅच झाली, तेव्हा मी स्टँडमधे स्कोरबुक घेऊन बसलो होतो. आपल्या गावात रणजी, घरी बसवतंय कुणाला. शेजारी एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ माझ्या वहीकडे बघत होते, मग म्हणाले, लेगबायचा त्रिकोण उलटा काढता ना, बरोबर, हल्ली कुणी काढत नाही. बोलता बोलता कळलं ते पूर्व भागातले, आणि त्या टीमच्या जुन्या स्कोररना ओळखतात. पत्ता मिळाला पण मास्तर (सगळे त्यांना मास्तरच म्हणतात, पूर्वी लूमवर होते, शाळेशी संबंध नाही) मुलाकडे पुण्याला गेलेले, मग आजारी, मग वही माळ्यावर, असं करत करत या संक्रांतीनंतर त्यांचा निरोप आला की या.

साखर पेठेत दोन खोल्यांचं घर, खाली अजून एक लूम चालू, त्याच्या खडखडाटात आम्ही वर बसलो. मास्तरांनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य, "तू रनआऊटचा पुतण्या ना?" मी हो म्हणालो. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, आत नेलं, घरात तेलुगूत चहाचं सांगितलं आणि चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली वही माझ्यासमोर ठेवली. चादर आपलीच सोलापुरी, मोराची नक्षी, कडा विटलेल्या. वही मात्र काल लिहिल्यासारखी. आमच्यासारखे रंग नाहीत, सगळी एका पेन्सिलीत, पण काय अक्षर! प्रत्येक ओव्हरच्या खाली चालू टोटल, प्रत्येक विकेटला ओव्हर आणि बॉल.

मी आमची वही काढली आणि दोन्ही शेजारी ठेवून एकेक ओव्हर वाचायला लागलो, मी वाचायचं, त्यांनी बोट ठेवून "हां" म्हणायचं. पहिल्या 30 ओव्हर एकदम तंतोतंत, दोन्हीकडे 131. एकतिसाव्या ओव्हरनंतर आमच्याकडे 138, त्यांच्याकडे 139. तिथे दोघंही थांबलो. तिसरा बॉल. दोन्ही वह्यांमधे बॅट्समनच्या ओळीत गोल काढून त्यात 4, म्हणजे नोबॉलवर चौका. फरक एवढाच की त्यांच्या वहीत खाली एक्स्ट्राच्या नोबॉलच्या ओळीत एक बारीक 1 आहे, आमच्या वहीत तिथे काही नाही. पुढच्या सगळ्या ओव्हर परत सारख्या, फक्त तो एक रन पुढे सरकत सरकत शेवटपर्यंत आलाय.

आता आजच्या पोराला विचाराल तर तो म्हणेल नोबॉलचा एक आणि चौक्याचे चार, पाच. क्रिकहीरोजवर नोबॉल दाबून चार दाबलं की ॲप पाचच धरतं. पण हा नियम 2000 च्या कायद्यांपासूनचा आहे. त्याआधी 1980 चे कायदे चालायचे, आणि त्यात असं होतं की नोबॉल बॅटनं मारला तर जेवढे रन निघाले तेवढेच बॅट्समनला, वेगळा एक नाही. एकही रन निघाला नाही तरच नोबॉलचा एक. म्हणजे त्या दिवशी त्या बॉलचे चारच. त्यांचे 187. आमचे स्कोरर बरोबर होते.

मी हे मास्तरांना सांगितलं तेव्हा मला भीती होती, वयस्कर माणूस, एवढी वर्षं जपलेली वही. ते बराच वेळ त्या गोल चारकडे बघत बसले. मग म्हणाले, "बॉल परत टाकायला लागतोय, मग त्याचा दंड नको का, असं मला वाटलं, म्हणून लिहिला. कुणी विचारलंच नाही." मग स्वतःच पेन्सिल घेतली, खोडलं काही नाही, त्या 1 च्या बाजूला तारीख टाकून सही केली. हे बघून मला भरून आलं, खरं सांगतो.

मला वाटलं झालं, टाय सिद्ध झाली, आता क्लबात जाऊन सांगायचं. तेवढ्यात मास्तरांनी वहीच्या मागच्या कव्हरमधून घडी घातलेला कागद काढला. त्या कपाचे नियम, सायक्लोस्टाईल केलेले, शाई जांभळी पडलेली. नववा नियम : दोन्ही संघांची धावसंख्या समान झाल्यास कमी गडी गमावणारा संघ विजयी. आमच्याकडे हा कागद कधी कुणी बघितलेलाच नाही. तेव्हा हे सगळीकडे चालायचं, 1987 ची हैदराबादची भारत-पाकिस्तान मॅच आठवा, दोघांचे 212, आपल्या 6 विकेट गेलेल्या, त्यांच्या 7, मॅच भारताला दिली.

त्यांच्या आठ विकेट गेल्या होत्या. आमच्या शेवटच्या बॉलच्या आधी नऊ.

हे मी तिथेच तीन वेळा बोटावर मोजलं. काका एकावर थांबले असते तर 187 ला नऊ, समोर 187 ला आठ, कप त्यांचाच. आणि बोर्डावरचे 188 खरे धरले तरी एका रनानं काही होत नव्हतं. कुठल्याही वहीनं मोजा, कुठल्याही नियमानं मोजा, दुसरा रन पळण्याशिवाय त्या माणसाकडे दुसरा रस्ताच नव्हता. कप वाटून घ्यायचा वगैरे जे आम्ही एवढी वर्षं बोललो ते त्या कपाच्या नियमात कुठेच नाही.

दोन्ही पानांचे आणि कागदाचे फोटो काढले, मास्तरांनी शेंगाचटणीचा पुडा दिला, तिथून थेट काकांकडे. काका आता गुडघ्यामुळे घरातच असतात, दुपारी रेडिओ लावून पडलेले. "काय बे, काय करायलास या उन्हात," म्हणाले. मी मोबाईलवर फोटो मोठा करून दाखवला, नियम वाचून दाखवला, विकेट मोजून दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून परत एकदा सगळं स्वतः मोजलं. नोबॉलचं त्यांना काहीच वाटलं नाही, टायचं पण नाही. त्यांच्या स्वतःच्या ओळीवर आले, शेवटी 1 आणि पुढे रनआऊट, तिथे अंगठा ठेवून म्हणाले, "मला बोर्ड दिसत होता बे. 188 होतं तिथे. थांबून काय करू?"

संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर मी फोटो टाकले. दोन तास कुणी काही लिहिलं नाही. मग तेव्हाचे कॅप्टन, आता सत्तरीचे, काकांच्या घरी गेले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, काकू म्हणाली दोनदा चहा झाला.

तर कामाची आजची स्थिती अशी. 14 वह्या पूर्ण, पंधराव्या वहीचं पहिलं पान फाटलंय त्यामुळे मॅच कुणाबरोबरची तेच कळत नाही, समोरच्या टीमचा एक डावखुरा बोलर आहे ज्याच्या 8 ओव्हरमधे 5 मेडन (एकही रन न दिलेल्या), मॅटिंगवर, कुणाला आठवत असेल तर सांगा. 2017 नंतरच्या मॅचसाठी शीटमधे वेगळा कॉलम केलाय, कारण तेव्हापासून नोबॉलवर पळालेले बाय हे बाय म्हणूनच लिहायचे, आधी ते नोबॉलमधे जायचे. उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा गेला की दुपारी दुसरं काही होत नाही, तेव्हा तीन वह्या तरी उरकाव्यात असा बेत आहे.

आणि मास्तरांनी त्यांच्या अजून सहा वह्या उतरवायला दिल्यात. रविवारी सकाळी चादरीत बांधून आणतोय.